स्टेन्सिलवरची अक्षरे : लघुअनियतकालिकांनी नकार दिला तो कशाला?

सतराव्या वर्षी मी मिरजेतल्या एका जॉब प्रेसमध्ये जुळारी म्हणून लागलो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, सहकारी सोसायट्यांचे अहवाल असली कामे असत. शाळांच्या प्रश्नपत्रिका मात्र आमच्याकडे येत नसत, त्या शाळेतच सायक्लोस्टाइल होत. आमचे फोरमन त्या कागदांकडे तुच्छतेने बघत. खिळे जुळवून, शाई लावून, दाब देऊन उमटते ते छापील, आणि मेणकागदातून शाई झिरपवून काढतात ती नक्कल, असा त्यांचा हिशेब होता. तो बराच काळ माझाही होता. पुढे रद्दीच्या दुकानात जिल्द नसलेला, दोन पिना मारलेला, पिवळा पडलेला सायक्लोस्टाइल केलेला एक गठ्ठा हाती लागला. त्यात कविता होत्या. मला पहिला प्रश्न पडला तो कवितेबद्दल नव्हता. ज्यांना मुंबईत डझनावारी छापखाने हाताशी होते, त्या माणसांनी प्रश्नपत्रिकेच्या यंत्रावर कविता का काढल्या असतील?

या प्रश्नामागे मी गेली बावीस-तेवीस वर्षे आहे. माझ्याकडे पदवी नाही, विद्यापीठाचे पत्र नाही. त्यामुळे काही ठिकाणी दारातूनच परत फिरावे लागले. एका मोठ्या ग्रंथालयात मला विचारण्यात आले की, आपण कोणत्या विभागाकडून आलात? मी म्हणालो, घरून आलो. त्यांनी रजिस्टर मिटले. असो. (हा शब्द पुढे पुन्हा येणार आहे.)

साठोत्तरी लघुअनियतकालिकांवर आपल्याकडे कमी लिहिले गेले आहे असे नाही. पण बहुतेक लेखनाचा साचा ठरलेला असतो. एकीकडे 'सत्यकथा', मौज, सदाशिव पेठ आणि 'साभार परत'च्या चिठ्ठ्या, दुसरीकडे दाढीवाले, विडी ओढणारे, इराण्याच्या हॉटेलात बसणारे तरुण. मग अंकाची होळी, मग दलित पँथर, आणि शेवटी एक सुस्कारा की ते दिवस गेले. ही गोष्ट ऐकायला चांगली आहे. पण तिच्यात अंक कुठे आहेत? पाने, अक्षरे, चुका, किंमत, पत्ता यांपैकी काहीच तिच्यात येत नाही. चळवळीची आठवण राहिली आणि वस्तू हरवली. मला वस्तूपासून सुरुवात करायची आहे.

'शब्द' 1954 साली सुरू झाले आणि 1960 पर्यंत अधूनमधून निघत राहिले. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ ही त्यामागची मंडळी. चित्रे तेव्हा सोळा वर्षांचे होते. 'शब्द' सायक्लोस्टाइलवर निघे. ज्यांनी स्टेन्सिल कधी कापली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मेणाचा थर दिलेला पातळ कागद असतो. टाइपरायटरची फीत बाजूला करून त्यावर टाइप करायचे किंवा टोकदार लोखंडी लेखणीने लिहायचे. जिथे अक्षर पडते तिथे मेण फाटते. तो कागद यंत्राच्या रुळावर चढवायचा, मूठ फिरवायची, आतली शाई फाटलेल्या जागेतून खालच्या कागदावर उतरते. चूक झाली तर औषधाच्या बाटलीसारख्या छोट्या बाटलीतला द्राव लावून, फुंकर मारून, वाळल्यावर पुन्हा अक्षर काढायचे. एका स्टेन्सिलीतून काही शे प्रती निघतात, मग मेण सुटू लागते आणि अक्षरांची पोटे भरून येतात. कागदही शाई पिणारा, खरबरीत लागतो. तो लवकर पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो.

यातून दोन गोष्टी होतात, आणि दोन्ही वाङ्मयीन आहेत. पहिली म्हणजे मधला माणूस नाहीसा होतो. आमच्या प्रेसमध्ये कवितेची ओळ आली तर ती मी माझ्या समजुतीने जुळवत असे. ओळ मापात बसत नसेल तर मोडत असे, विरामचिन्ह संपले असेल तर दुसरे लावत असे. कवीला ते प्रूफात दिसायचे, आणि दरवेळी दिसायचेच असे नाही. स्टेन्सिलवर कवी किंवा त्याचा मित्र स्वतः अक्षर कापतो, त्यामुळे ओळ कुठे तुटावी हे जुळाऱ्याच्या पट्टीवर ठरत नाही. दुसरी गोष्ट अशी की प्रतींची संख्या आधीच मर्यादित असते. आपल्याला दोनेकशे माणसे वाचणार आहेत हे धरूनच लिहिले जाते. त्या दोनशेंना पटवायचे नसते, समजावूनही सांगायचे नसते. साठोत्तरी कवितेतली संदर्भ न देण्याची, अर्ध्यातून सुरू होण्याची रीत परदेशी वाचनातून आली असे आपण म्हणतो. ते खरे आहेच. पण त्या रीतीला स्टेन्सिलीच्या प्रतिसंख्येनेही आधार दिला असावा, असे मला वाटते.

आता नावे पाहा. 'अभिरुची', 'सत्यकथा', 'मौज', 'नवभारत' ही प्रस्थापित नियतकालिकांची नावे घर बांधल्यावर लावलेल्या पाटीसारखी आहेत. त्यांच्या समोर 'असो', 'फक्त', 'येरू', 'टिंबा', 'भारुड', 'अथर्व', 'वाचा'. 'असो' म्हणजे पत्रात विषय सोडून देताना लिहितो तो शब्द. अशोक शहाणे यांनी 1963 च्या सुमारास काढलेल्या अनियतकालिकाचे हे नाव म्हणजे एका उसाशाचे नाव आहे. 'येरू' म्हणजे बावळट, गबाळा. राजा ढाले यांनी स्वतःच्या पत्राला ते नाव देऊन समोरच्याची शिवी आधीच खिशात टाकली. 'अथर्व' हा वेदत्रयीच्या बाहेर बराच काळ ठेवलेला चौथा वेद. आणि औरंगाबादहून निघालेल्या 'वाचा'त आज्ञार्थ आहे, शिवाय वाणी हा अर्थही आहे. वाचा फुटली आहे, आता वाचा. मला विचाराल तर या चळवळीचे सर्वांत नेमके समीक्षालेखन या नावांतच आहे. प्रकार म्हणून पडलेले 'अनियतकालिक' हे नावही तसेच. नियतकालिकाला अंगभूत असलेले महिन्याच्या महिन्याला भरलेच पाहिजे हे बंधन त्याने झुगारले. आणि आमच्यासारख्या जुळाऱ्यांना माहीत असते की मासिकातला निम्मा मजकूर पाने भरण्यासाठीच असतो.

पण नकार कशाला होता? प्रस्थापित प्रकाशनाला, असे सरसकट उत्तर दिले जाते. पुरावे पाहिले की ते टिकत नाही. अशोक शहाणे यांचा 'आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण' हा 1963 चा गाजलेला लेख 'मनोहर'मध्ये आला, म्हणजे किर्लोस्करांच्या मासिकात. 'कोसला' त्याच वर्षी रा. ज. देशमुखांनी काढली. देशमुख हे त्या काळातले वजनदार प्रकाशक. चित्र्यांचा 'कविता' हा पहिला संग्रह 1960 साली खुद्द मौजेने काढला. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' 1972 मध्ये पुण्याच्या नीलकंठ प्रकाशनाने काढला आणि त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. म्हणजे दारे बंद होती आणि बाहेर तरुण उभे होते हे चित्र अर्धेच खरे. काहींना आत घेतले जात होते. काहींना अजिबात नाही. आणि आत घेतलेल्यांनाही तो आत घेण्याचा प्रकार मान्य नव्हता.

माझ्या मते नकार होता तो संपादकाच्या हाताला, आणि तिथेही सरळसोट उत्तर नाही. 'सत्यकथे'चे राम पटवर्धन लेखकांशी लांबलचक पत्रव्यवहार करीत, कथा पुन्हा लिहून घेत. मराठी कथेला त्याचा फायदा झाला हे मी मान्य करतो. पण त्या पत्रव्यवहाराला एक गृहीत धरलेला वाचक होता, त्याची एक भाषा होती. जो लेखक त्या भाषेत जन्मला नाही, त्याच्यासाठी 'पुन्हा लिहा' याचा अर्थ 'दुसऱ्या कुणासारखे लिहा' असा होई. 1969 मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'ची होळी केली ती सर्वांना आठवते. त्यांचा 'सत्यकथेची सत्यकथा' हा लेख मात्र कमी लोकांनी वाचला आहे. होळी पाच मिनिटांची असते. मला तिचे फारसे कौतुक नाही, कारण मी कागद कापलेला माणूस आहे आणि जळलेला कागद बघवत नाही. लेख मात्र टिकतो, कारण त्यात पानावर काय छापले जाते आणि का, याची झाडाझडती आहे.

दुसऱ्या बाजूला शहाणेंकडे बघा. ज्या माणसाने मराठी वाङ्मयावर क्ष-किरण टाकला तो संपादनाच्या विरोधात होता का? त्यांनी पुढे काढलेले प्रास प्रकाशन पाहिले की उत्तर मिळते. 1977 साली 'अरुण कोलटकरच्या कविता' प्रासने काढला. आधी शीर्षक वाचा. 'कोलटकर यांच्या' नव्हे, 'कोलटकरच्या'. मुखपृष्ठावरच आदरार्थी बहुवचन गेले. भालचंद्र नेमाडे यांनी 'हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?' असा प्रश्न लेखात विचारला होता, आणि इथे एका प्रत्ययाने लेखकरावाला घरी पाठवले. मुखपृष्ठही कोलटकरांचेच. ते पोटापाण्यासाठी जाहिरातक्षेत्रात चित्रकार होते आणि अक्षराचे वजन त्यांना ठाऊक होते. प्रासची पुस्तके हातात घेतली की जुळाऱ्याला हेवा वाटतो. मुद्रितशोधन इतके कडक, समास इतका विचारपूर्वक, ओळ जिथे तुटायची तिथेच तुटलेली. कोलटकरांच्या अखेरच्या काळातली पुस्तके, 'भिजकी वही' धरून, इथूनच आली. म्हणजे चळवळीतला सर्वांत तिखट माणूस शेवटी मराठीतला सर्वांत काळजीवाहू प्रकाशक झाला. यात विसंगती नाही. स्टेन्सिल कापताना जी सवय लागली, की ओळ कवीची आहे आणि मधल्याने तिला हात लावायचा नाही, तीच सवय त्यांनी छापखान्यात नेली.

कलकत्त्यात याच सुमारास हंग्री पिढीने जे केले ते अधिक गाजले. 1961 चा जाहीरनामा, 1964 मधल्या अटका, मलय रायचौधुरींवरचा खटला, दंड आणि मग उच्च न्यायालयात सुटका. अलाहाबादेत अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि मित्रांनी 1965 मध्ये 'डॅम यू' काढले, तेही सायक्लोस्टाइलवर. या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध होता, शहाणेंना बंगाली येत होते. पण मुंबईचे वेगळेपण बंडात नव्हते. इथे तीच माणसे एकाच वेळी मराठीत आणि इंग्रजीत होती. 'जेजुरी' 1976 मध्ये क्लिअरिंग हाऊसने काढली, आणि क्लिअरिंग हाऊस म्हणजे कोलटकर, आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल आणि मेहरोत्रा या कवींनीच उभी केलेली सहकारी स्वरूपाची सोय. सोसायट्यांचे अहवाल जुळवलेल्या मला ही कल्पना फार परिचयाची वाटते.

आता कौतुकाच्या पलीकडचे. अनियतकालिकांची यादी मी करत बसलो तेव्हा संपादकांचा रकाना भरताना लक्षात आले की एकाही बाईचे नाव मला लिहावे लागत नाही. ज्या खोल्यांत रात्री स्टेन्सिली कापल्या गेल्या त्या घरांत चहा कुणी केला, हे कुठल्याही आठवणीत नसते. मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' 1984 साली आले तेव्हा त्या पिढीच्या घराची आतली बाजू पहिल्यांदा छापून आली. चळवळीच्या अभ्यासकांनी ते पुस्तक 'वैयक्तिक' म्हणून बाजूला ठेवले. मी ते चळवळीच्या मुख्य कागदपत्रांत धरतो.

दुसरे म्हणजे सातत्य. अनियत असणे ही ज्याच्याकडे दुसरी व्यवस्था आहे त्याची चैन असू शकते. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' औरंगाबादहून नियमाने, त्रैमासिक म्हणून, दशकानुदशके निघाले. लेखक-वाचक मेळावे झाले, खेड्यातल्या शिक्षकाची पहिली कविता तिथे छापली गेली. त्या शिक्षकाला दोनशे जाणत्यांचे वर्तुळ नको होते. पुढचा अंक येणार आहे याची खात्री त्याला हवी होती. प्रस्थापित प्रकाशनाला खरा पर्याय कुणी दिला, असे विचारले तर माझे बोट 'असो'पेक्षा 'अस्मितादर्श'कडे जाते. ढाले आणि ढसाळ यांचा प्रवास अनियतकालिकांकडून 1972 च्या दलित पँथरकडे झाला तोही याच कारणाने असावा. मूठभरांच्या पत्रात जे मावत नव्हते ते रस्त्यावर न्यावे लागले.

प्रती मोजक्या असणे हे संरक्षणही होते, हे आपण विसरतो. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता ऐंशीच्या दशकात पोस्टर-कविता म्हणून निघाली. जाणकारांत ती फिरली, भिंतीवर लागली. 1994 मध्ये ती एका बँक कर्मचारी संघटनेच्या बुलेटिनमध्ये पुन्हा छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे 2015 च्या निकालात बुलेटिनच्या प्रकाशकाला मोकळे केले गेले, पण कवीवरचा आरोप मात्र राहिला. कवितेत एक अक्षर बदलले नव्हते. पान बदलले होते, वाचणारा बदलला होता. मर्ढेकरांवरच्या खटल्यानंतर इतक्या वर्षांनी मराठी कविता पुन्हा त्याच कलमाखाली उभी होती. आणि ती ज्या कागदावर पकडली गेली तो कागद वाङ्मयीन नव्हताच, तो कामगारांचा होता. या खटल्यावर कायद्याच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले. लघुपत्रांच्या अंगाने लिहायला हवे. वर्तुळाबाहेर गेले की काय होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. 1954 चा एक केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. या कायद्यातली पुस्तकाची व्याख्या वाचली तर तिथे 'छापलेले' आणि 'शिळाछापाचे' असे शब्द भेटतात. सायक्लोस्टाइलचे नाव नाही. गंमत अशी की 2024 मध्ये रद्द झालेल्या 1867 च्या छापखाना व पुस्तक नोंदणी कायद्यात मात्र छपाईत सायक्लोस्टाइल धरले जाईल असे स्पष्ट लिहिलेले होते. म्हणजे पाळत ठेवणाऱ्या कायद्याला हे यंत्र आठवले, जपणाऱ्या कायद्याला आठवले नाही. अर्थात अनियतकालिकवाल्यांनी प्रती पाठवल्याच असत्या असे नाही. ज्या व्यवस्थेला नकार द्यायचा तिच्या कपाटात स्वतःहून जाऊन कोण बसेल? पण परिणाम आपण भोगतो आहोत. पुस्तकरूपाने जे पुढे आले ते राहिले. कोलटकर राहिले, चित्रे राहिले, नेमाड्यांना ज्ञानपीठ मिळाले. मनोहर ओकच्या कविता त्याच्या मागे मित्रांनी 'आयत्या कविता' म्हणून गोळा केल्या म्हणून त्या आपल्याला वाचता येतात. ज्यांना तसे मित्र मिळाले नाहीत त्यांची दोन-दोन, तीन-तीन पाने कुठल्या तरी ट्रंकेत आहेत, किंवा नाहीत. म्हणजे मुख्य प्रवाहाला विरोध करणाऱ्या चळवळीतून कोण उरले हे शेवटी पुस्तक निघाले की नाही यावरच ठरले.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मुंबईच्या कवींचा कागदपत्रसंग्रह आता उभा राहिला आहे, आणि अंजली नेर्लेकर यांच्या 'बॉम्बे मॉडर्न' या 2016 च्या ग्रंथाने या कागदांकडे वस्तू म्हणून बघायला शिकवले. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण डोंबिवलीच्या माणसाला गिरगावात काढलेला अंक पाहण्यासाठी सातासमुद्रापलीकडे अर्ज करावा लागावा, हे मला पचत नाही.

डोंबिवलीचा उल्लेख उगाच केला नाही. सहा वर्षांपूर्वी तिथल्या एका निवृत्त गृहस्थांनी मला फोनवर सांगितले होते की, त्यांच्याकडे पोटमाळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे, तरुणपणी विकत घेतलेले आणि फुकट मिळालेले सगळे अंक तिच्यात आहेत, दिवाळीनंतर या. मी भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी गेलो. त्यांनी दार उघडले आणि माझा चेहरा पाहून तेच ओशाळले. घरच्यांनी दिवाळीची साफसफाई केली होती. ट्रंक होती, तिच्यात गाद्यांच्या खोळी भरलेल्या होत्या. आम्ही दोघे रद्दीवाल्याकडे गेलो. त्याने सांगितले की पिवळे कागद वेगळे काढत नाहीत, एकदम भिवंडीला जातात. गृहस्थ परतताना रिक्षात गप्प होते. मग म्हणाले, "अहो, त्यात माझी पण एक होती." मी विचारले, कुठल्या अंकात? त्यांना नाव आठवेना.

माझ्या यादीत आज जी नावे आहेत त्यांपैकी निम्म्यांचा एकही अंक मी डोळ्यांनी पाहिलेला नाही, फक्त इतरांच्या जाहिरातींत आणि आठवणींत त्यांची नावे भेटली. वाचकांपैकी कुणाकडे असे काही असेल, अगदी एक सुटे पान, तर ते मला द्या असे म्हणत नाही. फोटो काढून ठेवा. चारही कोपरे येतील असा, पाठची बाजूही, पिना दिसतील असा. आणि पत्ता छापलेला असेल तर तो कापून टाकू नका. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घराघरांत पोटमाळे उतरवायचे काम चालूच असेल.